डास, टाकी आणि कलम ३८१

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी घरघर सुरू होते. खांद्याला लांब नळीचं यंत्र अडकवलेला पालिकेचा कामगार पांढऱ्या धुराचे लोट सोडत पुढे सरकतो. मागे पोरांची पळापळ, खिडक्या धडाधड बंद. कधीकधी एखादे नगरसेवकही फोटोपुरती चार पावलं बरोबर चालतात. पालिका काहीतरी करते आहे म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. आणि रात्री दिवा मालवला की कानाशी तीच गुणगुण.

दुसरं कोडं याहून चक्रावणारं आहे. नाल्याकाठच्या चाळीतली माणसं म्हणतात, डास बघायचे तर आमच्याकडे या. खरंच तिथे तिन्हीसांजेला उभं राहवत नाही. पण डेंगीचा रुग्ण सापडतो तो चकाचक सोसायटीत, दहाव्या मजल्यावर. चौकशीला आलेला पालिकेचा माणूस नाल्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो थेट दिवाणखान्यातल्या ‘लकी बांबू’च्या काचेच्या भांड्याशी जातो, त्यावर टॉर्च मारतो आणि घरच्यांना म्हणतो, “हे बघा.”

दोन्ही कोड्यांची किल्ली एका जागी आहे. डासांविरुद्धचं पालिकेचं खरं काम पाण्यात चालतं. हवेत जे दिसतं ते त्यातलं सगळ्यांत कमी उपयोगाचं, आणि निसर्गाला सगळ्यांत महाग पडणारं. या लेखात मुख्यतः मुंबईचं उदाहरण घेतलं आहे, कारण हा झगडा तिथे शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि त्याचे कागदोपत्री पुरावेही आहेत.

पाणी कुठलं, डास कुठला

आपण सरसकट ‘डास’ म्हणतो, पण शहरात आपली गाठ मुख्यतः तीन वेगवेगळ्या डासांशी असते. तिघांची पाण्याची आवड इतकी निराळी आहे की पाणी पाहून डास ओळखता यावा.

पहिला क्युलेक्स. याला घाण पाणी लागतं: तुंबलेलं गटार, नाला, सेप्टिक टँक. अशा पाण्यातल्या कुजक्या गाळावर त्याच्या अळ्या पोसतात. हा रात्री चावतो, झोप उडवतो आणि हत्तीरोगाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. पालिकेच्या फोनवर ज्याची तक्रार होते तो बहुतेक वेळा हाच.

दुसरा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, शहरी मलेरियाचा वाहक. ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी १९०१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. मलेरिया पसरवणारे बहुतेक डास खेड्यातले, शेताशिवारातले. हा मात्र शहरात रुळलेला. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी आवडतं. विहीर, गच्चीवरची टाकी, बंद पडलेलं कारंजं, बांधकामावर सिमेंट भिजवण्यासाठी भरून ठेवलेला हौद, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, काहीही चालतं. हाही रात्रीच चावतो.

तिसरा एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसाढवळ्या चावणारा. डेंगी आणि चिकनगुनिया याच्या नावावर. याला मोठा जलाशय नको. कुंडीखालची बशी, फ्रीजमागचा ट्रे, टायर, नारळाची करवंटी, छपरावरच्या निळ्या ताडपत्रीच्या घडीत साचलेलं वाटीभर पाणी, एवढ्यावर त्याचं भागतं.

चावते ती फक्त मादी. अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या रसावर जगतो. एडिसची मादी फार लांबही जात नाही. खाणं, पाणी आणि अंधारी जागा हाताशी असेल तर सहसा शेदोनशे मीटरांतच तिचं आयुष्य सरतं. म्हणून डेंगीचा रुग्ण सापडला की पालिकेचा माणूस मैलभर लांबचा नाला सोडून त्याच घरात आणि आजूबाजूच्या घरांत शोध घेतो. तक्रार एका डासाची आणि आजार दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. नाल्यात कितीही औषध ओतलं तरी दहाव्या मजल्यावरचा डेंगी कमी का होत नाही, ते आता लक्षात यावं.

आठ-दहा दिवसांचा हिशेब

डासाच्या आयुष्याच्या चार अवस्था: अंडं, अळी, कोष आणि उडणारा डास. पहिल्या तीन पाण्यात जातात. मुंबईच्या पावसाळी उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. सरकारी भिंतीपत्रकांवर वर्षानुवर्षं छापून येणारा ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ हा सल्ला या हिशेबावर बेतलेला आहे. दर सात दिवसांनी भांडं रिकामं झालं तर आतल्या अळीला पंख फुटायला वेळच उरत नाही.

पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. क्युलेक्स आपली अंडी पाण्यावर एकत्र चिकटलेल्या तराफ्यात सोडतो, अ‍ॅनोफिलीस सुटी सोडतो. एडिसची मादी मात्र पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेवर ती एकेक अंडं चिकटवते. पिंप रिकामं झालं, कोरडं पडलं, तरी ती अंडी कित्येक महिने तशीच तग धरतात. पुढच्या पावसात पाणी चढलं आणि अंड्यांना लागलं की काही तासांत अळ्या बाहेर. पावसाळ्यात एडिस अचानक उगवल्यासारखा वाटतो तो यामुळे. तेव्हा पिंप ओतलं की आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासून काढायची. भिंतीपत्रकावर ही ओळ बारीक अक्षरात असते, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची.

कोषाची गोष्ट आणखी वेगळी. स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जीव दोनेक दिवस काही खात नाही. पोटातून जाणारं कुठलंही विष त्यामुळे त्याच्यापुढे निकामी ठरतं. एखाद्या टाकीत औषध टाकल्यावरही दोन दिवस डास निघत राहिले तर औषध खोटं होतं असं नाही. ते अळीच्या वयाच्या पुढे गेलेले होते.

आणखी एक काळ मोजायचा असतो, तो डासाच्या पोटातला. मलेरियाचे किंवा डेंगीचे जंतू रक्तातून डासाच्या शरीरात गेले तरी लगेच दुसऱ्या माणसात उतरत नाहीत. ते वाढून डासाच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस जातात. म्हणजे धोका आहे तो म्हाताऱ्या मादीपासून. बहुतेक डास इतके दिवस जगतही नाहीत. त्यामुळे डास पुरते संपवले नाहीत, नुसती त्यांची पैदास आणि आयुष्य घटवलं, तरी साथ आटोक्यात येते.

चौकट: अळी कुठली?

पांढऱ्या भांड्यात थोडं पाणी घ्या आणि उजेडात धरा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनोफिलीसची. तिला श्वासाची नळी नसते, म्हणून ती अशी पडून हवा घेते. डोकं खाली आणि शेपटाकडची नळी वर अशी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. या दोघांत नळी लांब, बारीक असेल तर क्युलेक्स. आखूड, जाड असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर बहुधा एडिस. भांड्याला धक्का लागताच तिघीही वळवळत तळाशी जातात. थोडं थांबा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं.

धुरात असतं काय

धुराच्या यंत्रात डिझेल किंवा रॉकेलमध्ये मिसळलेलं कीटकनाशक असतं. यंत्राच्या उष्णतेने त्याची वाफ होते, बाहेरच्या हवेत ती थंड होऊन अतिसूक्ष्म थेंब बनतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. हे थेंब वीस-तीस मायक्रॉनच्या आतले हवेत. त्याहून मोठे झाले तर ते पटकन खाली पडतात, फार बारीक झाले तर वाऱ्यावर उडून जातात. उडणाऱ्या डासाला असा थेंब लागला तर तो मरतो. लागला नाही तर काही होत नाही, कारण काही मिनिटांत थेंब विरतात आणि मागे काही उरत नाही.

ही फवारणी पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास करतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत असते आणि ती धूर घेऊन जाते. हवा निवलेली, वारा पडलेला असेल तेव्हाच धूर जमिनीलगत रेंगाळतो. पण एडिस त्या वेळी कुठे बसलेला असतो? पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या गडद कपड्यांच्या मागे. आणि घरच्यांनी तर धूर येताना पाहून खिडक्या लावून घेतलेल्या! रस्त्यावरच्या धुराने रस्त्यावरचे डास मरतात. टाकीतल्या अळ्यांना धुराशी देणंघेणं नसतं. दुसऱ्या दिवशी नवी पिढी पंख वाळवून तयार.

धुराचा उपयोग नाहीच, असं मात्र नाही. डेंगीचा रुग्ण सापडल्यावर त्याच्या घरात आणि लगतच्या घरांत आतून धूर दिला, तर विषाणू बाळगून असलेल्या माद्या तडकाफडकी मरतात. आग लागल्यावरचा हा उपाय आहे. दर मंगळवारी गल्लीतून फेरी मारण्यासाठी तो नाही. तरीही सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे, कारण तो दिसतो. पिंपाची कड घासताना कुणी फोटो काढत नाही.

आता त्याची किंमत. या फवारणीत बहुधा पायरेथ्रम किंवा त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली रसायनं असतात. पायरेथ्रम मिळतो शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून. ही द्रव्यं कीटकाच्या मज्जातंतूंमधली क्षारांची दारं उघडीच ठेवतात. संदेश थांबेनासे होतात, कीटक झटके देत खाली पडतो. माणसाचं शरीर ही द्रव्यं बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं. मासे, मधमाश्या आणि चतुर यांना ते जमत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर हा अंश गटारातून खाडीकडे जातो. चतुराची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. त्यांना मारणं म्हणजे आपल्याच बाजूचे शिपाई कापणं. वर डिझेलचा धूर दमेकऱ्याच्या छातीत जातो तो निराळा.

आणि एक उधारी आहे, ती उशिरा वसूल होते. घरात रवा चाळतो तेव्हा बारीक खाली पडतो आणि जाड वर राहतो. कीटकनाशकाची प्रत्येक फवारणी डासांची अशीच चाळण करते. ज्यांच्या अंगात ते विष पचवायची थोडीशी क्षमता आहे ते चाळणीवर उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच असते. पुन्हा चाळलं की आणखी निवडक उरतात. काही वर्षांत त्याच औषधाचा तोच डोस निरुपयोगी होतो.

देशाने हे एकदा मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. रोग संपलाच असं वाटू लागलं. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले, पर्याय म्हणून आणलेल्या औषधांनाही अनेक ठिकाणी सरावले, यंत्रणा सैलावली, आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. दरम्यान डीडीटी माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, माशांतून पक्ष्यांत साठत जातं, हेही जगाला कळलं होतं. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

या कथेतला एक धडा शहरांसाठी होता. भिंतीवरचं डीडीटी खेड्यांत चाललं, शहरांत नाही. शहरात अळी मारायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर होती आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी उचलली नव्हती. १९७१ मध्ये केंद्राला त्यासाठी शहरी मलेरियाची वेगळी योजना आणावी लागली.

विहिरींची मुंबई

मुंबईत मात्र हा विषय फार आधी निघाला होता. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचे जंतू दिसले आणि रोगाचा वाहक पकडला गेला. नगरपालिकांनी डासांविरुद्ध पथकं कशी उभारावीत, यावर रॉस यांनी १९०२ मध्ये एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

मुंबईत नव्या गोद्यांची बांधकामं चालू असताना मलेरिया वाढला, तेव्हा चार्ल्स बेंटली या डॉक्टरांना चौकशीसाठी नेमलं गेलं. त्यांचा अहवाल १९११ चा. त्यांनी बोट ठेवलं ते विहिरींवर. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये शहरात आलं, तशी घराघरातल्या विहिरींची गरज संपत गेली. पण विहिरी राहिल्या. वापर नाही, उपसा नाही, सावलीतलं शांत स्वच्छ पाणी. स्टीफेन्सीला आणखी काय हवं! फोर्टातल्या प्रतिष्ठित घरांच्या चौकातच रोगाचा कारखाना होता.

उपाय सांगायला सोपा होता: विहिरी बुजवा किंवा घट्ट बंद करा. करायला अवघड. विहीर म्हणजे केवळ पाणी नव्हतं. पारशी आणि हिंदू घरांत तिची पूजा होती, धार्मिक विधींना तिचंच पाणी लागे, आणि त्या पाण्याला सूर्यप्रकाश लागला पाहिजे अशी श्रद्धा होती. विरोध झाला, अर्ज-विनंत्या झाल्या. पुष्कळ विहिरी गेल्या; काही बारीक तारेची जाळी आणि पाणी काढायला झडप बसवून राखल्या गेल्या. जाळीतून ऊन आत जातं, डास जात नाही. पालिकेच्या कामात श्रद्धा आणि आरोग्य यांचा इतका नेटका समझोता क्वचित पाहायला मिळतो. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही तिथे आहे.

विहिरी आटोक्यात आल्या तरी स्टीफेन्सी गेला नाही. तो गच्चीवर चढला. इमारती वाढल्या तशा पाण्याच्या टाक्या वाढल्या. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या मलेरियावर पुन्हा अहवाल दिला, तेव्हा विहिरींबरोबर टाक्या आणि हौदही यादीत होते.

मुंबईच्या कायद्याने यावर दिलेलं हत्यार म्हणजे १८८८ च्या पालिका अधिनियमातलं कलम ३८१. तुमच्या जागेत डास पोसणारं पाणी असेल तर ते काढा, झाका किंवा दुरुस्त करा, अशी नोटीस पालिका त्याखाली देते. न ऐकल्यास दंड. ‘तुम्हाला ३८१ देऊ का?’ हे वाक्य सोसायटीच्या सचिवाला बरोबर कळतं.

टाकी ‘डासरोधक’ कशी असावी याच्या अटी बारकाईच्या आहेत. झाकण फट न ठेवता बसणारं. हवा जाण्याच्या आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी. आणि टाकीपर्यंत पोचायला पक्की शिडी. शिडी नसेल तर तपासनीस वर जाणार कसा? कित्येक इमारतींत अडतं ते नेमकं इथे. टाकी असते, झाकणही असतं, शिडी गंजून पडलेली असते. मग आत काय चाललंय हे कुणालाच माहीत नसतं.

पाण्यात काय टाकायचं

पाणी ओतता येत नाही, झाकताही येत नाही, अशा जागा उरतातच. तिथे पालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे निवडीला चार-पाच गोष्टी असतात, आणि कुठे काय वापरायचं हा त्या कामातला खरा कस आहे.

तेल सगळ्यांत जुनं. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की अळीची श्वासनळी बुजते, कोषही गुदमरतो. गटारात, निरुपयोगी डबक्यात हे ठीक. जिवंत तळ्यात टाकलं तर डासांबरोबर पाण्यातले इतर कीटकही मरतात.

टेमिफॉस हे रसायन अळीच्या मज्जासंस्थेवर काम करतं. ठरलेल्या मात्रेत ते पिण्याच्या पाण्यातही चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. घोळ होतो तो मात्रेत. टाकीत पाणी किती आहे हे न मोजता अंदाजाने ओतलं तर एकीकडे कमी पडून चाळणीचा खेळ सुरू होतो, दुसरीकडे नको तेवढं विष पोटात जातं.

यांत सगळ्यांत हुशार उपाय आहे एक जिवाणू. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात डासांच्या अळ्या मेलेल्या सापडल्या, आणि त्यांच्यातून बॅसिलस थुरिन्जिएन्सिसचा एक नवा प्रकार मिळाला. बोलताना सगळे त्याला बीटीआय म्हणतात. हा जिवाणू प्रथिनांचे बारीक स्फटिक बनवतो. स्फटिक स्वतः विषारी नसतो. अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असतो. त्यात स्फटिक विरघळतो, तिथलीच पाचकद्रव्यं त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतात. काही तासांत अळी खाणं थांबवते आणि मरते. आपल्या जठरात आम्ल आहे आणि ते तुकडे जिथे चिकटतात ती जागाच आपल्या आतड्यात नाही. मासा, बेडूक, चतुर यांचंही तेच. डासांच्या नात्यातल्या काही न चावणाऱ्या माश्यांना तो बाधतो, हा त्याचा डाग. आणि तो लवकर तळाशी बसतो, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा टाकावा लागतो. फार घाण पाण्यात त्याचा जोर कमी पडतो; तिथे त्याचाच एक भाऊबंद, बॅसिलस स्फेरिकस, बरा चालतो.

मग मासे. ‘गप्पी मासे सोडा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतं. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याचा जोडीदार गांबुसिया उत्तर अमेरिकेतला, भारतात १९२८ मध्ये इटलीमार्गे आला. दोघेही अळ्या खातात, भराभर वाढतात. बंदिस्त हौदात, पडीक विहिरीत यांच्याबद्दल तक्रार नाही. पण गांबुसिया नदी-तळ्यात सुटला की तो बेडकांची आणि इतर माशांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. डास कमी करायला सोडलेला मासा डास खाणाऱ्या देशी माशांनाच हुसकावतो. एक सरकारी खातं जे तळ्यात सोडतं ते दुसऱ्या खात्याने बाहेर काढायचं, असा हा व्यवहार.

यावर गोव्यात एक चांगला प्रयोग झाला. १९९० च्या दशकात पणजी आणि कांदोळी भागात, पर्यटनाबरोबर बांधकामं फोफावत असताना, मलेरिया वाढला होता. तिथल्या संशोधकांनी स्टीफेन्सीच्या जागांत जिवाणू वापरले आणि जिथे पाणी टिकून राहतं तिथे अ‍ॅप्लोचिलस जातीचे देशी मासे सोडले. पृष्ठभागालगत पोहणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला हा एवढासा मासा कोकण-गोव्याच्या पाण्यातलाच. बाहेरून काही आणावं लागलं नाही, आणि मलेरिया उतरला. बांधकामावरच्या मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्य कार्ड देण्याची गोव्याची पद्धतही या लढाईत उपयोगी पडली.

तळं बुजवू नका

डासांच्या नावाखाली पाणथळ जागेवर भराव टाकण्याची मागणी अधूनमधून होते. ती करणाऱ्यांत डासांना वैतागलेले थोडे आणि भूखंडावर डोळा असलेले जास्त असतात, असं माझं मत. मासे, चतुर, पाणकिडे, बेडूक असलेल्या जिवंत तळ्यात अळी टिकणं कठीण. तिला खाणारे चहूकडे असतात. डासांना हवं असतं शत्रू नसलेलं पाणी, आणि ते आपण बनवतो. पिंपात मासा नाही, टायरमध्ये बेडूक नाही. कांदळवनांचंही तसंच. जिथे भरती-ओहोटीचं पाणी खेळतं तिथे अळ्या वाहून जातात किंवा माशांच्या तोंडी पडतात. भराव घालून, बांध घालून तेच पाणी अडवलं की डबकी होतात आणि डास सुरू. पालिकेचा कीटकनाशक विभाग आणि पर्यावरण विभाग यांनी एकमेकांच्या फायली वाचल्या तर दोघांचं निम्मं काम वाचेल.

मोजायचं काय

किती लिटर औषध संपलं, किती गल्ल्यांत धूर झाला, असे आकडे पालिकेच्या पत्रकांत झळकतात. त्यावरून डास कमी झाले की नाही, काहीच कळत नाही. कळतं ते दुसऱ्या आकड्यांवरून. शंभर घरं तपासली आणि पाच घरांत अळ्या सापडल्या तर ‘घर निर्देशांक’ पाच. त्या शंभर घरांत मिळून अळ्या असलेली भांडी नऊ असतील तर ‘ब्रेटो निर्देशांक’ नऊ. दुसरा आकडा जास्त बोलका. पाच घरांत नऊ भांडी म्हणजे एकाच घरात अनेक जागा आहेत, आणि तिथे जाऊन बसायला हवं.

हे आकडे गोळा करतो तो खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचं पांढरं भांडं घेऊन फिरणारा माणूस. पावसाळ्यात तो रोज गच्च्या चढतो-उतरतो. त्याची खरी अडचण अळी शोधण्याची नाही, दार उघडून घेण्याची आहे. झोपडपट्टीत दार उघडं असतं, पाणी रोज येत नसल्यामुळे पिंपं भरलेली असतात, आणि बाई स्वतःच दाखवते. टॉवरमध्ये सुरक्षारक्षक खालीच थांबवतो, मालक परदेशी, फ्लॅट बंद, आत बाल्कनीत कुंड्या. पिंप ओतायला सांगणं सोपं; ज्या घरी पाणी एक दिवसाआड येतं तिथे ते सांगणं बेजबाबदारपणाही ठरू शकतं. तिथे घट्ट झाकण किंवा फडकं बांधणं हाच उपाय. पाणीपुरवठा सुधारला तर डेंगीही कमी होतो, पण ते बजेट दुसऱ्या खात्याचं.

२०१० मध्ये मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली आणि वर्षाची रुग्णसंख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. बांधकामं जोरात होती, आणि मजूर बाहेरून येत होते. पाणी, डास आणि जंतू असलेलं रक्त, तिन्ही एका आवारात. त्यानंतर बांधकामांवरची तपासणी कडक झाली, नोटिसा वाढल्या, मलेरिया बराच उतरला. नवं औषध त्यात काहीच नव्हतं.

स्टीफेन्सी परदेशी जातो

दक्षिण आशियातला हा शहरी डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावर, जिबूतीत सापडला. मलेरिया जवळजवळ संपत आलेल्या त्या चिमुकल्या देशात त्या वर्षी २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ते त्र्याहत्तर हजारांच्या वर गेले. २०१६ मध्ये तो इथिओपियात आढळला. आफ्रिकेची मलेरियाविरोधी यंत्रणा खेड्यातल्या, पावसाच्या डबक्यात वाढणाऱ्या, मध्यरात्री घरात शिरणाऱ्या डासासाठी उभी आहे: मच्छरदाण्या आणि भिंतींवर फवारणी. शहराच्या टाकीत बारमाही पोसणाऱ्या स्टीफेन्सीवर त्यांचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना तिथल्या शहरांच्या मागे लागली आहे ती पाण्याची भांडी तपासा, टाक्या झाका, अळी पाण्यातच मारा म्हणून. त्यासाठी लागणारी जाळी, झाकण आणि शिडी स्वस्तात मिळते. टाकी दाखवायला मालकाला भाग पाडणारा पालिका कायदा आणि रोज गच्ची चढणारा पगारी माणूस मात्र तिथल्या बहुतेक शहरांना पहिल्यापासून उभा करावा लागणार आहे.